रेगडी बँडची चौथी पाटी

१

सकाळी कलादालनाचं कुलूप काढून आत गेलो, पडदा उचलला, तर भिंतीवर पितळेच्या तीनच पाट्या. आदल्या दिवशी मी स्वतः उभं राहून चार लावून घेतल्या होत्या. चौथीच्या जागी नुसती भोकं उरली होती, आणि खिडकीच्या काठावर तिचे स्क्रू कागदाच्या पुडीत नीट बांधून ठेवलेले होते. गेलेली पाटी लखनची होती.

मी दौलत. उभा जन्म तहसीलच्या दफ्तरात काढला. रिटायर झाल्यावर आदिलाबादकरांनी मला 'मानाच्या भिंती'चा सचिव केलं. सचिव म्हणजे ज्याच्याकडे किल्ली असते आणि काही बिनसलं की ज्याच्याकडे सगळे आधी पाहतात, तो माणूस.

ही भिंत जिल्ह्यातल्या कलावंतांसाठी. पहिला मान रेगडी बँडला द्यायचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. आम्ही जवान होतो तेव्हा या पोरांनी आमच्या काळ्या मातीचं नाव घेऊन रॉक बँड काढला. गिटार, बेस, कीबोर्ड. आणि ड्रमसेट साऱ्या जिल्ह्यात नव्हता म्हणून आपलं कातड्याचं डफडं, आगीवर तापवून वाजवायचं. कॅसेट एकच निघाली, ती कापसाच्या जिनिंग कारखान्यात रेकॉर्ड केलेली. पण माझा थोरला भाऊ शेवटच्या आजारात महिनोन्महिने तीच ऐकत पडून असायचा, आणि ती चालू असेतोवर त्याच्या तोंडून कण्हणं निघत नसे. त्या पोरांचे उपकार मी फेडू शकत नाही. म्हणून तर या वयात किल्ल्या सांभाळतो.

घोळ चौथ्या पाटीचा होता. एका बँडला चारच पाट्या, हा नियम. गाणारा हर्षदीप आणि हैदराबादला गेलेले दोघं पक्के. चौथा कोण? कॅसेटवर डफडं वाजवणारा लखन, की लखननं बँड सोडल्यावर गावोगाव ड्रम वाजवत फिरलेला बाबाराव? समिती तिघांची. अध्यक्ष पंकज बाबारावच्या बाजूनं, मी लखनच्या, आणि तिसरं मत माझ्या वहिनीचं. तिनं लखनला कौल दिला आणि वाद मिटला. मिटला असं आम्हाला वाटलं, इतकंच.

पंकज आला, रिकामी जागा पाहिली, कपाळाला हात लावला. कापसाचा व्यापारी माणूस, भाव पडला की जसं तोंड करतो तसं केलं. म्हणाला, संध्याकाळी पाहुणे यायच्या आत पाटी सापडली तर ठीक, नाहीतर भिंतीतली भोकं दाखवता येणार नाहीत. बाबारावचीच पाटी लावू. आणि एकदा पडदा उघडला की पाटी बदलायची नाही, हाही नियमच. म्हणजे लखन कायमचा पुसला जाणार.

"बाबारावची पाटी एवढ्यात कुठून आणशील?" मी विचारलं.

पंकज मला बाहेर घेऊन गेला. त्यानं गाडीची डिकी उघडली. आत बाबारावच्या नावाची कोरीव पाटी तयार होती.

२

वृषालीवहिनी शाळेत फिजिक्स शिकवते. तिच्यापुढे खोटं बोलताना मोठेमोठे चाचरतात, कारण ती रागवत नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारते. भाऊ गेल्यापासून घरात आम्ही दोघं म्हातारी आणि एक टेपरेकॉर्डर. मी तिला बोलावून घेतलं.

ती भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली. रिकाम्या जागेच्या कडेला काळं बोट उमटलं होतं. तिनं ते पुसून नाकाशी धरलं आणि म्हणाली, काजळी. मग स्क्रूची पुडी उघडली.

"भाऊजी, दुष्मनीनं पाटी नेणारा स्क्रू फेकून देते. हे ज्यानं बांधून ठेवले, त्याला पाटी परत लागावी असं वाटून राह्यलं."

"मग नेली काऊन?"

"तेच तर पाहाचं हाय."

पंकजचा खुलासा असा, की मतदानाआधीच त्यानं दोन्ही पाट्या कोरून घेतल्या होत्या; कोरणाऱ्याच्या घरी लग्न, पुन्हा वेळ मिळाला नसता. वहिनीनं मान डोलावली. पंकजची बोटं अत्तराची, काजळीची नाहीत, असं ती नंतर मला म्हणाली.

काल दुपारी दालन उघडं होतं ते तालमीसाठी. संध्याकाळी पाट्यांवरचा पडदा काढण्याआधी बँड पुन्हा एकदा वाजणार होता. आत होते हर्षदीप, लखन, आणि ध्वनीची यंत्रणा लावायला आलेला बाबाराव. पंकज डोकावून गेला होता. सगळे गेल्यावर मी कुलूप लावलं, पण पडदा उचलून पाहिलं नाही. ती माझी चूक, आणि वहिनीनं ती बोलून दाखवली नाही, हे तिचे उपकार.

लखन नेरडीगोंड्याला मंडल ऑफिसात नोकरीला असतो. त्याचा फोन लागेना. म्हणून वहिनीनं त्याच्या बहिणीला लावला. चंचलबाई इंद्रवेल्लीच्या शाळेत मुख्याध्यापिका. दोघींची ट्रेनिंगपासूनची ओळख. चंचलबाई शांतपणे म्हणाल्या की लखन कुठं आहे माहीत नाही, पण तो चोरी करणारा नाही. संध्याकाळी त्या येणार होत्या, भावाचा मान पाहायला. बँडबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मला त्यातलं काय ठाऊक? मी त्या जिनिंगच्या आत कधी पाय ठेवला नाई."

फोन ठेवून वहिनीनं चपला घातल्या. मग म्हणाली, चला, बाबारावकडे.

३

बाबाराव आपल्या दुकानात स्पीकरच्या ढिगात बसला होता. मी भांडणाच्या तयारीनं गेलो होतो, पण त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला. पाटी हवी होती, हे त्यानं लपवलं नाही. बँड मोडायला आला तेव्हा आपण खांदा दिला, वर्षानुवर्षं लग्नामांडवात हीच गाणी जिवंत ठेवली, असं त्याचं म्हणणं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"पण चोरलेल्या जागेवर माही पाटी लागली, तर मी रोज तिच्याखालून कसा जाऊ?" तो म्हणाला. मला माझ्या मनातल्या भांडणाची लाज वाटली.

वहिनीनं तालमीचं विचारलं. बाबाराव हसला. म्हणाला, लखनची गत पाहण्यासारखी होती. थंडी अशी की डफडं एका गाण्यात ढिलं पडायचं. दर गाणं झालं की लखन ते घेऊन अंगणातल्या शेकोटीकडे पळायचा, हात काळे करून यायचा, तोवर बाकीचे दोघं ताटकळत. तरी आवाज लागेना, कधी कमी तापलेलं, कधी जास्त. "मॅडम, म्हणून म्या ड्रम घेतला. त्याले चूल लागत नाई."

हात काळे. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं नजरेनंच मला गप्प केलं.

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, लखनच. पण स्वतःची पाटी कुणी स्वतः चोरतं का? वहिनी म्हणाली, कोण हे काळ्या हातांनीच सांगितलं. काऊन, ते कॅसेटमधे असेल. मला वाटलं, दुःखानं हिचं डोकं कधीतरी फिरणार होतं, ते आज फिरलं.

४

घरी तिनं टेप लावला. भावाच्या खुर्चीवर कुणी बसत नाही, आम्ही दोघं खाली बसलो. कॅसेट जिल्ह्याच्या थंडीत, डिसेंबरात ध्वनिमुद्रित केलेली, हे गावभर ठाऊक आहे. हर्षदीप मधे एकदा थंडीबद्दल काहीतरी बोलतोही.

"डफडं ऐका. गाणं नका ऐकू," वहिनी म्हणाली.

मी ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाणं संपत येताना डफडं किंचित बसकं होत होतं. पुढचं गाणं लगेच सुरू, आणि डफडं पुन्हा खणखणीत. संथ गाण्याला जरा खालचा आवाज, पळत्या गाण्याला चढा. प्रत्येक वेळी गिटारशी जुळून.

मग तिनं कॅसेटचं कव्हर पुढे सरकवलं. जिनिंगच्या शेडमधे चौघं उभे आहेत, मागे छतापर्यंत रुईच्या, सरकी काढलेल्या कापसाच्या, गठाणी. आवाज घुमू नये म्हणून पोरांनी ती जागा शोधली होती. रुईनं तो गिळून घेतला, म्हणून कॅसेट इतकी स्वच्छ. आणि हर्षदीपच्या डोक्यावर भिंतीला एक पाटी: आत बिडी, काडी, आग सक्त मना.

"समजलं?" ती म्हणाली.

मला समजलं, पण अर्धवट. जिथं रुई तिथं काडी नाही. म्हणजे शेकोटी आत नव्हती, कंपाउंडच्याही आत नव्हती. ती रस्त्यापलीकडे कुठंतरी होती.

"आणि लखन तर वाजवून राह्यला होता," मी म्हणालो.

"तेच. मग तापवून कोण राह्यलं होतं?"

५

हर्षदीपचं घर कलेक्टर ऑफिसमागे. अजूनही गळ्यात मफलर, केस लांब, नातवंडं त्याला आजोबा म्हणायला तयार नाहीत. ध्वनिमुद्रणाचं विचारल्यावर त्याचा चेहरा उजळला. मशीन उसनं आणलेलं, वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून गाणी एकापाठोपाठ एक, थांबणं नाही.

"लखन खिडकीपाशी बसायचा का?" वहिनीनं विचारलं.

हर्षदीप चमकला. हो म्हणाला. मागच्या खिडकीपाशी. गाणं संपलं की डफडं खिडकीतून बाहेर द्यायचा आणि दुसरं तापलेलं घ्यायचा. दोन डफडी होती. बाहेर कोण होतं? तो आठवू लागला आणि हळूहळू त्याचा आवाज खाली आला. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिथलं कुणी असेल असं आम्ही धरून चाललो, तो म्हणाला. कधी विचारलं नाही.

"टपरीवाल्याले पुढलं गाणं कोणतं ते ठाऊक असते?" वहिनी म्हणाली. "संथ गाण्याले डफडं कमी तापवा लागते, पळत्याले जास्त. जो कोणी बाहेर होता, त्याले सारी गाणी पाठ होती. बिना माइकचा, पण तो बँडमधेच होता."

 हर्षदीप म्हणाला की लखनची अक्का रोज डबा घेऊन यायची. आत कधी आली नाही. लिंबाखाली बसून राहायची, लखनला सोबत घेऊनच घरी जायची. आम्ही म्हणायचो, किती जीव आहे भावावर.

मला सकाळचा फोन आठवला. मी त्या जिनिंगच्या आत कधी पाय ठेवला नाही. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. फोटोत चौघंच होते, कारण पाचवीला आगीपाशी थांबणं भाग होतं.

"आता पाटी कुठं असेल?" मी विचारलं.

"जिची हाय तिच्या जागेवर," वहिनी म्हणाली, आणि तिनं रिक्षाला हात केला.

६

जिनिंग आता बंद पडलं आहे. टपरीही नाही. लिंब मात्र आहे, आणि त्याच्या बुडाशी लखन बसला होता, केस पांढरे, हात काळे. समोर तीन दगडांवर डफडं, आणि पाटी लिंबाला टेकवून ठेवलेली. आम्हाला पाहून तो उठला. पळून जाण्याचा विचार त्याच्या मनातही दिसला नाही. उलट वाट पाहून थकलेला माणूस जसा सुटकेचा श्वास टाकतो, तसं केलं.

वहिनीनं त्याला काहीच विचारलं नाही. आपण काय काय ओळखलं ते सांगितलं. काजळी, रुई, खिडकी, डबा. लखन ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"मी बोललो नाई मॅडम," तो म्हणाला. "तुमी ओळखलं. दौलतभाऊ, तुमी गवाह हा, मी बोललो नाई."

मग त्यानं सगळं सांगितलं, कारण आता सांगण्यानं काही मोडत नव्हतं. त्याच्या बापानं तरुणपणी गावकीचं डफडं चावडीपुढे ठेवून दिलं होतं. यापुढे कुणाच्या सांगण्यावरून वाजवणार नाही, माझी लेकरं लेखणी धरतील, असं सांगून. शाळेत शिपाई झाला, दोघांना शिकवलं. लखननं गिटारवाल्यांबरोबर डफडं घेतलं तेव्हा बापानं कसंबसं सोसलं. पण ट्रेनिंगला जाणारी लेक रस्त्याच्या कडेला बसून डफडं तापवते हे कळलं असतं, तर तो खचला असता. तापवायची कला मात्र आज्यानं अक्कालाच दिली होती. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ किती, कातडं धरायचं किती वर, टिचकी मारून आवाज कसा ओळखायचा. अक्कानं लखनला बापाची आण घातली, की हे तोंडातून काढायचं नाही. बाप मागल्या वर्षी गेला. आण राहिली.

"मह्या नावाची पाटी लागणार हे समजलं तवा रातभर झोप नाई आली," लखन म्हणाला. "मी नुसता हात चालवला. आवाज तिचा होता. बोलता येत नोतं, म्हणून पाटी काढली. वाटलं, कोणी तरी इचारीन, काऊन."

पंकजला तिथंच बोलावून घेतलं. त्यानं ऐकलं, आणि मग नियम काढला: चारच पाट्या. उभा जन्म दफ्तरात काढल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला. म्हणालो, बेटा, नियम चार पाट्यांचा आहे. एका पाटीवर नावं किती, यावर नियम मुका आहे. पंकज हसला. कोरणाऱ्याला मीच घेऊन येतो, म्हणाला.

"थांबा," वहिनी म्हणाली. "तिले इचारल्याशिवाय तिचं नाव कोणी कोरणार नाई. बापाची लेक हाय ती. नाई म्हणाली, तर नाई."

आणि चंचलबाई आयुष्यभर नाहीच म्हणत आल्या होत्या.

७

दिवस कलला तसा दालनात माणूस मावेना. हैदराबादचे दोघं आले होते. लखनची पाटी पडद्यामागे भिंतीवर परत होती, नावाखाली जागा रिकामी. कोपऱ्यात कोरणारा आपलं यंत्र घेऊन बसला होता, आणि का बसलाय हे आम्हा चारपाच जणांनाच ठाऊक होतं. वहिनीनं चंचलबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या ऐकून एवढंच म्हणाल्या की जुनं ते जुनं, राहू द्या. मग पहिल्या रांगेत येऊन बसल्या, पदर सारखा करून, शाळेत बसतात तशा.

पहिलं गाणं झालं. लोकांनी दालन डोक्यावर घेतलं. दुसऱ्या गाण्यात डफडं बसायला लागलं. लखन शेकोटीकडे गेला नाही. वाजवत राहिला, आणि डफडं फाटक्या सुपासारखं वाजत राहिलं. बाबारावनं स्पीकरची बटणं फिरवून पाहिली, मग हात सोडले. बटणांनी काय होणार होतं?

मी चंचलबाईंकडे पाहत होतो. आधी त्यांनी मान खाली घातली. मग डोळे मिटले. मग त्यांची बोटं मांडीवर टिचक्या मारू लागली, आणि हळूच मान हलली, नाही, असं नाही, असं. गाणं संपलं. त्या उठल्या, सगळ्यांसमोर मंचापर्यंत गेल्या आणि भावापुढे हात केला. लखननं डफडं दिलं. ते घेऊन त्या मधल्या वाटेनं बाहेर निघाल्या.

दारात पंकज उभा होता. त्यानं हात जोडून विचारलं, "मॅडम, नाव कोरू का?"

चंचलबाई थांबल्या. दालन इतकं शांत झालं की बाहेरची पऱ्हाटी तडतडताना ऐकू येत होती.

"बाबानं डफडं ठेवलं, कारण ते दुसऱ्याच्या हुकुमानं वाजवा लागे," त्या म्हणाल्या. "मी तापवलं ते मह्या मनानं. एवढं बाबाले सांगाचं राह्यलं." मग पदरानं तोंड पुसलं. "कोरा."

आणि लखनकडे वळून विचारलं, "पुढलं कोणतं?"

लखननं सांगितलं. त्या जाळापाशी जाऊन बसल्या. आत कोरण्याचं यंत्र घरघरत होतं, आणि कुणी त्याला गप्प कर म्हणालं नाही. डफडं आलं ते असं, की पहिल्याच थापेला माझ्या अंगावर काटा आला. भावाच्या खाटेपाशी ऐकला होता तोच आवाज. वहिनीनं माझा हात धरला. इतकी वर्षं आम्ही ज्यांचे आभार मानत होतो, त्यांत एक माणूस राहून गेलं होतं. आज पुरं झालं.

पडदा उघडला तेव्हा दोन नावांची पाटी साऱ्या गावानं पाहिली. चंचलबाईंनी ती सगळ्यात शेवटी पाहिली, कारण पुढच्या गाण्याचं डफडं त्यांच्या हातात होतं आणि जाळ सोडून येता येत नव्हतं. फोटोवाला आत सगळ्यांना भिंतीपुढे उभं करू लागला. हर्षदीपनं त्याच्या गळ्यातला कॅमेरा धरून त्याला दाराकडे ओढलं.

या वेळी फोटो काढायला बँड बाहेर गेला.